गाडी नुसतीच ओरडते, पळत नाही? क्लच प्लेट खरंच गेली का, हे आधी तपासा

परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरचं पिंगळी घ्या, नाहीतर मराठवाड्यातलं कुठलंही गाव. १०० सीसीच्या गाडीला तिथे काय काय ओढावं लागतं ते आठवा. सकाळी दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, दुपारी मागच्या सीटवर युरियाची ४५ किलोची गोणी, संध्याकाळी ट्रिपलसीट परभणी. (ट्रिपलसीट बेकायदा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी.) मग एक दिवस पुलाच्या चढाला गाडी नुसतीच ओरडते, पुढे सरकत नाही. मिस्त्री म्हणतो, "क्लच प्लेट गेली, इंजिन खोलावं लागेल."

त्याचं म्हणणं बरोबर असू शकतं. पण हीच तक्रार ताणलेल्या केबलमुळे किंवा चुकीच्या ऑइलमुळेही येते. केबलचं काम पाच मिनिटांचं, आणि इंजिन खोललं की प्लेटा, गॅस्केट, नवं ऑइल, मजुरी असा सगळा खर्च आला. वर ऐन हंगामात गाडी उभी.

आत नेमकं काय असतं?

आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये क्लच म्हणजे एकावर एक रचलेल्या प्लेटांची चळत. एक खरखरीत, एक गुळगुळीत स्टीलची, पुन्हा खरखरीत. स्प्रिंगा या चळतीला घट्ट दाबून धरतात, म्हणून इंजिनचा जोर गिअरबॉक्सकडे आणि तिथून चाकाकडे जातो. तुम्ही लिव्हर दाबता तेव्हा हा दाब सुटतो. हे सगळं इंजिन ऑइलमध्येच बुडालेलं असतं. खरखरीत थर झिजला किंवा स्प्रिंगा नरम पडल्या की प्लेटा एकमेकींवरून घसरायला लागतात.

खरी खूण हीच: इंजिनचा आवाज चढतो, पण वेग त्या प्रमाणात चढत नाही. पिकअप कमी झाला म्हणजे क्लच गेला, असं अनेक जण धरून चालतात. पण एअर फिल्टर तुंबला असेल किंवा ब्रेक चिकटून राहत असेल, तर इंजिनचा आवाजही दबूनच येतो. आवाज मोकळा आणि गाडी मागे, असं असेल तरच संशय क्लचवर.

हे बघायला मोकळा, सरळ रस्ता शोधा. टॉप गिअरमध्ये ४०च्या आसपास वेग ठेवा आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम पिळा. धडधाकट गाडी आधी थोडी कण्हते, मग हळूहळू वेग घेते. क्लच घसरत असेल तर आवाज लगेच वर उडतो आणि काटा जागचा हलत नाही. मागे कोणी बसलेलं असेल किंवा चढ असेल, तर हे आणखी स्पष्ट कळतं.

उभ्या गाडीवरची चाचणीही लोक करतात. दोन्ही ब्रेक घट्ट दाबायचे, तिसरा-चौथा गिअर टाकायचा आणि क्लच हळूच सोडायचा. इंजिन बंद पडायला हवं. बंद न पडता चालूच राहिलं, तर क्लच चांगलाच गेलाय. पण बंद पडलं म्हणून क्लच ठणठणीत, असं नाही. थोडी झीज असेल तर ती जोर पडल्यावरच दिसते. आणि ही चाचणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा केली तर चांगल्या प्लेटाही तापतील.

ज्या गाड्या फक्त न्यूट्रलमध्येच किकने सुरू होतात, त्यांत किकचा जोर क्लचमधूनच इंजिनपर्यंत जातो. तिथे किक पोकळ जात असेल तर क्लचवर संशय घ्यायला जागा आहे, मात्र किकचे दातेही झिजलेले असू शकतात.

आता केबल

क्लचची लिव्हर बोटाने हलवून बघा. सुरुवातीला ती थोडी मोकळी हलली पाहिजे. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी हा फ्री प्ले १० ते २० मिलिमीटर सांगितलेला असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. प्लेटा झिजतात तसा तो सहसा कमी होत जातो. तो शून्यावर आला की क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो आणि घसरतो. अ‍ॅडजस्टर फिरवून फ्री प्ले द्या आणि पुन्हा चालवून बघा.

उलट तक्रारही असते. लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढते, न्यूट्रल सापडत नाही, गिअर टाकताना खाडकन आवाज येतो. यात क्लच नीट सुटत नसतो. फ्री प्ले जास्त झालाय का, केबल ताणली किंवा आतून तुटत आली आहे का, ते आधी पाहा. प्लेट वाकली असेल तरीही असं होतं, पण सुरुवात केबलपासून करा.

ऑइल हल्लीच बदललं आणि तेव्हापासून गाडी घसरते आहे? मग डबा बघा. मोटारसायकलच्या ऑइलवर "जासो एमए" किंवा "एमए२" असं लिहिलेलं असतं. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक घातलेले असतात. कारला ते चालतात, पण ऑइलमध्ये बुडालेला क्लच त्यांनी घसरतो.

आपल्या भागात प्लेटांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पांदण रस्त्यावरची काळी माती. पावसात ती चाक आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसते, चाक फिरत नाही, आणि आपण हाफ क्लचवर रेस देत राहतो. तेव्हा सगळी ताकद उष्णता होऊन प्लेटांतच जिरते. उतरून काडीने चिखल काढायला पाच मिनिटं लागतात, कपडे खराब होतात, पण प्लेटा वाचतात. लिव्हरवर कायम दोन बोटं ठेवून चालवणाऱ्यांचंही तेच.

फ्री प्ले बरोबर, ऑइल बरोबर, तरी गाडी घसरते? मग इंजिन खोला. खोलताना शक्य असेल तर जवळ थांबा. खरखरीत प्लेटांची जाडी व्हर्नियरने मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडता येते. स्टीलच्या प्लेटा निळसर पडल्या असतील तर त्या खूप तापल्या आहेत. काचेवर ठेवल्या की वाकल्यात का तेही कळतं. स्प्रिंगांची लांबीही मोजायला सांगा, कधी कधी दोष फक्त त्यांचाच निघतो. नव्या प्लेटा कोरड्या बसवू देऊ नका, आधी ऑइलमध्ये भिजवायला लावा. आणि जुन्या प्लेटा पिशवीत घालून घरी घेऊन या.

स्कूटरवाल्यांनी यातलं काही करून बघू नये. त्यांच्या गाडीला क्लचची लिव्हरच नसते, आतली रचनाही वेगळी असते.