‘फझ’ पेटीची स्वहस्ते जुळणी
विद्युत्-गिटारचा ध्वनी पालटणारी पेटी, जिला वादक ‘पेडल’ म्हणतात, सुट्या भागांच्या संचातून घरी जुळविता येते. नवशिक्यास ‘फझ’ सोपा. १९६६ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘फझ फेस’चे मंडल अवघ्या ११ घटकांचे आहे: २ ट्रान्झिस्टर, ४ रोधक, ३ धारित्रे व २ फिरती नियंत्रके. ट्रान्झिस्टरवर मर्यादेबाहेर भार पडला की तरंगांची शिखरे छाटली जातात व स्वर खरखरीत होतो. अभियंता यास ‘विरूपण’ म्हणून दोषात गणतो, वादक त्यासाठीच पैसे मोजतो! अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकांनी हे ध्यानी घ्यावे.

या संचांचे आकर्षण काटकसरीत आहे, असे मला वाटत नाही. समजा, कोरीटसारख्या गावी संच टपालाने आला आणि शेजारी शिकविणारा कोणी नाही. डाखाचा एक सांधा कच्चा राहिला की पेटी मुकी. मग ध्वनी कोठवर पोहोचतो हे घटकाघटकाने तपासावे लागते, आणि कोणता रोधक कशासाठी होता ते त्याच वेळी उमगते.