श्वानाचा शुभ्र केशसंभार आणि आपली केश्य द्रव्ये



हिवाळा सुरू झाला की श्वान-प्रदर्शनांचा हंगाम येतो आणि औषधालयात एक वेगळाच ग्राहक डोकावू लागतो. ‘‘आमच्या पांढऱ्या कुत्र्याचे केस उजळ दिसतील असे काही आयुर्वेदिक द्या, केमिकल नको,’’ ही त्याची मागणी असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका गृहस्थांना आम्ही हळद, मुलतानी माती आणि रिठा यांचे उटणे सद्भावनेने दिले होते. आपल्याकडे सर्रास ‘पॉमेरियन’ म्हटला जाणारा पांढरा स्पिट्झ त्यांच्या घरी होता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ते त्याला घेऊन आले, तेव्हा मानेभोवतीची आयाळ पिवळी पडली होती आणि डोळे लाल होऊन गळत होते. गृहस्थ भले होते; रागावले नाहीत. ‘‘वनस्पतींचे आहे म्हणून विश्वासाने लावले,’’ एवढेच म्हणाले. हे वाक्य आमच्या मनात राहिले. प्रस्तुत लेख त्यातूनच लिहिला आहे.

केश्य द्रव्यांचा हेतू

आपल्या शास्त्रात पालित्य, म्हणजे केस पांढरे होणे, ही विकृती मानली आहे. त्यामुळे माका, आवळा, त्रिफळा, जास्वंद, नीली ही जी द्रव्ये आपण केसांसाठी नित्य वापरतो, त्यांच्याकडून केस काळेभोर राहावेत अशीच आपली अपेक्षा असते. प्रदर्शनातील पांढऱ्या श्वानाच्या बाबतीत अपेक्षा नेमकी उलटी आहे. त्याच्या केसात नैसर्गिक रंजक जवळजवळ नसते. म्हणून बाहेरून येणारा प्रत्येक रंग त्यावर स्पष्ट उमटतो.

हळदीतील कर्क्युमिन हे रंजक लोकर व रेशीम रंगविते. श्वानाचा केसही लोकरीप्रमाणेच केराटिन या प्रथिनाचा असल्याने तो पिवळा पडतो. मेंदीतील रंजक तर केराटिनला घट्ट बिलगते. आवळा लोखंडी कढईत भिजविला की काळा कल्प तयार होतो, हे आपण सर्व जाणतो; कषाय द्रव्य आणि लोह यांच्या संयोगाचा तो परिणाम आहे. ज्या घरी कूपनलिकेचे लोहयुक्त पाणी येते, तेथे त्रिफळ्याच्या काढ्याने पांढरे केस धुतले तर हाच संयोग केसांवर घडून करडी छटा येते. शिकेकाईचा तपकिरी अंशही दाट केसांत मागे राहतो. खोबरेल तेलाच्या अभ्यंगाने केस क्षणभर चमकतात, परंतु धूळ धरून ठेवतात व लवकर मळकट दिसतात.

श्वानाची त्वचा आणि चाटण्याची सवय

हत्तीसाठी पालकाप्यांचा हस्त्यायुर्वेद आणि घोड्यासाठी शालिहोत्रांची अश्वचिकित्सा अशी स्वतंत्र शास्त्रे आपल्या परंपरेने निर्माण केली. प्राण्याचे शरीर वेगळे, तर विचारही वेगळा हवा, हे तत्त्व त्यामागे आहे. श्वानाची बाह्यत्वचा माणसापेक्षा पातळ असते. माणसाची त्वचा किंचित आम्लधर्मी, तर श्वानाची उदासीनतेकडे झुकलेली असते. म्हणून माणसाचा साबण वा शांपू त्याला मानवतोच असे नाही.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे श्वान स्वतःचे अंग चाटतो. आपण बाह्य म्हणून दिलेला प्रयोग त्याच्या बाबतीत काही वेळातच आभ्यंतर होतो. रिठ्यातील फेनद्रव्य डोळ्यांना झोंबते आणि पोटात गेल्यास उलटी घडविते. रिठ्याचा वामक गुण आपल्याला परिचित आहेच. कापूर त्वचेतून तसेच पोटातून शोषला जातो व अधिक मात्रेत आकडी आणू शकतो. टी-ट्री तेलाने श्वानांत विषबाधा झाल्याची उदाहरणे पशुवैद्यकात नोंदलेली आहेत. म्हणून कापूरयुक्त तेले वा सुगंधी अर्क श्वानासाठी कधीही देऊ नयेत.

डाग हे लक्षण असते

पांढऱ्या श्वानाच्या डोळ्यांखाली, ओठांभोवती व पंजांवर जे तांबूस डाग दिसतात, ते बाहेरची घाण नसते. रक्तातील रंजकाच्या विघटनाशी संबंधित पॉर्फिरिन नावाची द्रव्ये अश्रू व लाळ यांतून बाहेर पडतात आणि केसांवर तांबूस डाग धरतात. त्या ओलाव्यात किण्व वाढले तर डाग आणखी गडद होतो. याचा अर्थ असा की डोळ्यांखालचा डाग बहुधा अश्रू अधिक वाहत असल्याचे सांगतो. पापणी आत वळलेली असणे, पापणीचा केस बुबुळास घासणे, अश्रुमार्ग अवरुद्ध असणे ही त्याची कारणे असू शकतात. पंजे तांबूस झाले असतील तर श्वान ते सतत चाटत असतो, आणि त्यामागे बहुधा कंडू किंवा असात्म्यता असते.

येथे निदानपरिवर्जन हीच खरी चिकित्सा होय. डाग पुसून टाकला तर प्रदर्शन पार पडेल, पण दुखणे आत वाढत राहील. केवळ डाग घालविण्यासाठी टायलोसिन हे प्रतिजैविक असलेली चूर्णे परदेशात दीर्घकाळ विकली जात होती. अशा मान्यता नसलेल्या उत्पादनांविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये इशारा दिला. सौंदर्यासाठी प्रतिजैविक रोज खाऊ घालणे हे कोणत्याही शास्त्राला मान्य होणारे नाही.

मग सांगावे काय?

ग्राहकास पुढील क्रम समजावून द्यावा. त्यात औषध जवळजवळ नाही.

१. स्नानापूर्वी केस मुळापासून विंचरून गुंते सोडवावेत. ओले झाल्यावर गुंता आवळतो व त्याची जट होते.

२. पाणी कोमट असावे. श्वानांसाठीच बनविलेला सौम्य शांपू पाण्यात पातळ करून लावावा. डोळे व कान सांभाळावेत.

३. निथळणारे पाणी पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत केस धुवावेत. उरलेला फेस धूळ धरतो आणि खाजही आणतो. पाणी लोहयुक्त असल्यास शेवटचे धुणे गाळण यंत्राच्या किंवा साठविलेल्या पावसाच्या पाण्याने करावे.

४. आतील मऊ लोकर पूर्ण कोरडी करावी. ड्रायर वापरल्यास हवा फार गरम नसावी. स्पिट्झ, सॅमॉयेड अशा दुहेरी केसांच्या जातींत आत क्लेद राहिला तर त्वचा चिघळते. पावसाळ्यात हे विशेष सांभाळावे.

५. डोळ्यांखालचा भाग उकळून गार केलेल्या पाण्यात भिजविलेल्या कापसाने रोज पुसून कोरडा करावा. जेवणानंतर हनुवटी व ओठ पुसावेत.

६. दोन स्नानांच्या मध्ये पाय मळले तर मक्याचे पीठ केसांत चोळून ब्रशने पूर्ण झाडून टाकावे. बेसन मात्र वापरू नये. ओलाव्याने ते आंबते आणि मुंग्या येतात.

उजळपणा आणि कृत्रिमता

परदेशी प्रदर्शनकार जांभळ्या छटेचा शांपू वापरतात. जांभळा रंग पिवळ्याला मारतो, म्हणून पांढरेपणा अधिक दिसतो. आपल्या घरातील नीळ याच तत्त्वावर चालते. परंतु कपड्यांची नीळ त्वचेसाठी बनविलेली नसल्याने ती श्वानास लावू नये. हायड्रोजन पेरॉक्साइडने केस ठिसूळ होतात आणि डोळ्यांजवळ ते धोक्याचे आहे.

प्रदर्शनाच्या दृष्टीनेही हे हिताचे नाही. केसांचा नैसर्गिक रंग वा पोत बदलणारा पदार्थ प्रदर्शनाच्या वेळी अंगावर राहता कामा नये, असा ब्रिटनच्या केनेल क्लबचा नियम आहे. आपल्याकडील संस्थेचे नियम ग्राहकाने प्रवेशपत्र भरतानाच वाचून घ्यावेत, असे त्याला सुचवावे.

आपली मर्यादा

औषधालय-चालकांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत माणसाबरोबर प्राण्यांच्या रोगांवरील औषधेही येतात. सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या मात्र मानवी शरीरापुरती आहे. म्हणजे श्वानासाठी घरगुती चूर्ण बांधून त्यावर ‘खाज, खरूज बरी होते’ असे लिहिले, की ते औषध ठरते आणि उत्पादनाचा परवाना आवश्यक होतो. तसेच प्राण्यांची चिकित्सा हा भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये नोंदणीकृत पशुवैद्यकांचा अधिकार आहे. सतत वाहणारा डोळा, चाटून लाल झालेला पंजा, केस गळून उघडी पडलेली त्वचा दिसली, तर काहीही न विकता ग्राहकास पशुवैद्यकाकडे पाठवावे.

त्या गृहस्थांना आम्ही शेवटी तसेच पाठविले. श्वानाच्या पापणीचा एक केस बुबुळास घासत असल्याचे पशुवैद्यकांना आढळले. आमच्या उटण्याने डोळे झोंबले हे खरे, पण डोळ्यांखालचा जुना तांबूस डाग गृहस्थांनी त्या पहिल्या दिवशीच आम्हाला सांगितला होता. आम्ही तो धुण्याची वस्तू समजलो. आपल्यापैकी कोणाकडे असा ग्राहक आला, तर पुडी बांधण्यापूर्वी डाग कोठे आहे आणि केव्हापासून आहे, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत, एवढीच विनंती.