हवेतली भिंगरी आणि तालमीचे वस्ताद

लाथ मारायला शिक्षण लागते, हे आमच्या पिढीला पटवून देणे जरा अवघडच आहे. गाढवाला ती उपजत येते आणि माणसाने ती कोणाला मारू नये, एवढेच आम्हांला घरी शिकवलेले. परंतु हल्ली बडोद्यातल्या बागांतून संध्याकाळच्या वेळी काही मुले दोन पावले धावत येतात, स्वतःभोवती गिरकी घेतात आणि अधांतरी असतानाच खांद्याच्या उंचीवर लाथ झाडून पुन्हा पायांवर उभी राहतात. त्यांची ही मेहनत गेले वर्षभर मी जवळून पाहात आहे. कारण त्या मुलांत माझा नातूही आहे.

या लाथेला मुले 'फाइव्ह-फोर्टी' म्हणतात. पाचशे चाळीस अंश, म्हणजे दीड फेरी. नावात थोडी बढाई आहे. पावित्र्यापासून मोजले तर दीड फेरी भरते खरी, पण पाय जमिनीवरून सुटल्यापासून मोजावे तर ती बरीच कमी भरते. अर्थात ज्या गावात पावशेर दुधाचा चहा चार पाहुण्यांना पुरवला जातो, तेथे एवढ्या हिशेबाबद्दल कुरकुर कोणी करू नये!

तिचे माहेर कोरियाच्या तायक्वांदोत. त्या विद्येला हे नाव १९५५ साली मिळाले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकात ती प्रदर्शनापुरती आली आणि २००० साली सिडनीत तिला पदकांचा मान लाभला. चीनच्या वुशूमध्ये हिचीच एक बहीण आहे. तिच्या चिनी नावाचा अर्थ 'वावटळीची लाथ' असा होतो. पुढे अमेरिकेतल्या तरुणांनी या लाथा आणि जिम्नॅस्टिक्समधल्या कोलांट्या एकत्र करून 'ट्रिकिंग' नावाचा नवाच खेळ उभा केला. त्यात समोर प्रतिस्पर्धी नसतो. लाथ बसते ती हवेला. मला प्रथम हे हास्यास्पद वाटले. पण आपल्या मल्लखांबावर तरी कोणता प्रतिमल्ल असतो? कुस्तीगिराच्या मेहनतीसाठी उभा केलेला खांब पुढे स्वतःच एक कला झाला. तेव्हा याबाबतीत आपण नाक मुरडण्यात अर्थ नाही.

आता तिची घडण पाहा. डाव्या अंगाने फिरणारा मुलगा पाठ फिरवत पाऊल टाकतो, डावा गुडघा झटक्याने छातीकडे उचलतो, उजव्या पायाने उडी घेतो, उजव्याच पायाने लाथ मारतो आणि उजव्याच पायावर उतरतो. सारी मख्खी या शेवटच्या शब्दांत आहे. डाव्या पायावर उतरले तर ती सोपी, धाकटी लाथ झाली. मुले तिला 'टॉर्नेडो' म्हणतात, आणि ती महिन्या-दोन महिन्यांत साधते. उजव्यावर उतरायचे तर डावा गुडघा वर तसाच धरून ठेवावा लागतो, आणि घाबरलेला डावा पाय नेमका त्याच वेळी जमीन शोधू लागतो. माझा नातू या एका गोष्टीवर साडेचार महिने अडला होता.

वेळही किती थोडा! दीड फूट वर जाणारा माणूस हवेत सेकंदाचे सहा दशांश एवढाच असतो. तेवढ्यात फिरणे, मारणे, पाय आखडणे आणि उतरणे. शिवाय गिरकी हवेत कमावता येत नाही. ती जमिनीवरूनच घेऊन जावी लागते. हवेत फक्त हात अंगाशी ओढून तिचा वेग वाढवता येतो. नजर आधी वळली पाहिजे, मग खांदे, मग कंबर. मान खाली गेली की कंबरेत बाक येतो आणि सगळी भिंगरी कलंडते.

मुले हे शिकतात कोठे? तर हातातल्या फोनवर. परदेशातला कोणी मुलगा तीच लाथ संथ गतीने करून दाखवतो, आणि आमची मुले ती पन्नास वेळा पाहून मैदानात उतरतात. हे शिक्षण वाईट आहे असे मी म्हणणार नाही. चित्र स्पष्ट असते, घाई नसते, फीही नसते. पण फोनला शिकणाऱ्याची चूक दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांच्यातलाच एक गुजराती मुलगा ओल्या हिरवळीवर उतरला; तळवा जागच्या जागी रुतला आणि वरचे अंग फिरतच राहिले. गुडघ्यातला बंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, बारावीचे वर्ष काठीवर गेले. आमच्या सूनबाईंनी त्याच रात्री मला निक्षून सांगितले, "बाबा, तुमचे तो ऐकतो. तुम्हीच त्याला हे बंद करायला सांगा."

मी बंद करायला सांगितले नाही. मी त्याला एका जुन्या वस्तादांकडे घेऊन गेलो.

बडोद्याच्या माणसाला हे सुचावे यात नवल नाही. जुम्मादादा हे मुसलमान वस्ताद, आणि त्यांच्या तालमीचे नाव देशभर नेणारे त्यांचे शिष्य म्हणजे प्रोफेसर माणिकराव. ही आपल्या शहराची परंपरा आहे. माणिकराव १९५४ साली गेले. मी त्यांना पाहिलेले नाही, पण निखळलेला सांधा बसवून घ्यायला माणसे त्यांच्या दारी येत, हे आमच्या आजीने सांगितलेले मला आठवते. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंदही तरुणपणी त्यांच्याकडेच शिकले. मोडणे आणि जोडणे, दोन्ही जाणणारा शिक्षक, ही कल्पना येथे नवी नाही.

वस्तादांनी ही लाथ जन्मात पाहिलेली नव्हती. त्यांनी पोराला ती तीन वेळा मारायला लावली. मग म्हणाले, "उडी बरी आहे रे. उतरायला कोणी शिकवलं?" नातू म्हणाला, "कोणी नाही." "मग तेवढंच शिकायचं. लाथ तुझी तू शिकलास."

महिनाभर लाथ बंद. पाव फेरीची उडी घ्यायची आणि एका पायावर उतरून तीन आकडे मोजेपर्यंत हलायचे नाही. मग अर्धी फेरी, मग पूर्ण. तळव्याचा पुढचा भाग आधी टेकला पाहिजे, गुडघा वाकलेला आणि बोटांच्याच दिशेला असला पाहिजे. तो आत झुकला की वस्ताद पोटरीवर छडी टेकवीत. मल्लखांबावर आम्हांलाही असेच आधी उतरायला शिकवीत, ते मला आठवले. कोलांटीच्या वेळी कमरेला उपरणे बांधून दोघांनी दोन टोके धरायची आमची युक्ती त्यांनी येथेही करून पाहिली. पण गिरकीत उपरणे मुलाभोवतीच गुंडाळले गेले आणि सगळ्यांची करमणूक झाली. आखाड्याची माती त्यांनी स्वतःच नापसंत केली. पडायला ती उत्तम, पण फिरणारा पाय तिच्यात अडकतो. शेवटी कोरडी, कापलेली हिरवळ ठरली. लाथ परत सुरू झाली तेव्हा वस्ताद हातात पंचा उंच धरून उभे राहिले; नेम मिळताच पोराची मान आपोआप वर आली.

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. माणिकरावांनी कवायतीतले इंग्रजी हुकूम काढून देशी शब्द घातले. द. चिं. मुजुमदारांनी याच शहरातून १९३६ ते १९४९ या काळात व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. अढी, तेढी, दसरंग असे घोटीव शब्द आपल्याकडे असताना आमची मुले आकड्यांत बोलतात. मी 'भिंगरी' हा शब्द सुचवला. नातू म्हणाला, "आजोबा, भिंगरी तर टॉर्नेडोलाही म्हणता येईल." मुद्दा बिनतोड होता. वस्ताद मात्र तिला 'एकपायी' म्हणतात, आणि दोन लहान मुले आता तसेच म्हणू लागली आहेत.

सध्या दहांपैकी सहा वेळा तो उजव्या पायावर नीट उतरतो. सूनबाई अजून बघायला येत नाहीत. पण परवा त्यांनीच त्याच्या गुडघ्याला तेल चोळून दिले. काठीवरचा तो मुलगाही आता काठीवाचून येतो, कठड्यावर बसून दुसऱ्यांच्या उड्या मोजतो, आणि कोणाचा गुडघा आत झुकला तर वस्तादांच्या आधी ओरडतो.