अर्धा लिटर पाणी, वीस मिलिलिटर स्पिरिट
घरच्या घरी यंत्रविद्या : भाग ६

मागच्या भागात आपण थंड पेयाच्या कॅनचा तळ कापून स्पिरिटचा सगळ्यात साधा स्टो केला, म्हणजे नुसती एक उघडी वाटी. ती पेटते, कपभर चहाही होतो. पण वाऱ्याची झुळूक आली की ज्योत आडवी पडते आणि स्पिरिट संपलं तरी पाण्याला उकळी फुटत नाही. आज त्या वाटीत सुधारणा करायची आहे.

आधी हिशेब मांडू. अर्धा लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला साधारण १५७ किलोज्यूल उष्णता लागते. एक मिलिलिटर इथेनॉल जळलं की सुमारे २१ किलोज्यूल मिळते. कणभरही वाया गेली नाही, तर साडेसात मिलिलिटरमध्ये काम व्हावं. तसं कधीच होत नाही. बरीचशी उष्णता भांड्याच्या कडेनं हवेत निघून जाते. वीस मिलिलिटरमध्ये उकळी आली, तर घरगुती स्टोला मी चांगले गुण देतो. किलोमागे रॉकेलमध्ये ४३ मेगाज्यूल असतात, तर इथेनॉलमध्ये जेमतेम २७. पाठीवर वाहून न्यायच्या इंधनाचा थेंबन् थेंब म्हणूनच मोजायचा.

या स्टोची सगळी गंमत एका गोष्टीत आहे. द्रव स्पिरिट जळत नाही, त्याची वाफ जळते. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं. ते तापवून त्याची वाफ करायला त्याच्याच ज्योतीतली फक्त चार टक्के उष्णता पुरते. तेवढी उष्णता इंधनाकडे परत आली की स्टो आपला आपण चालतो. त्याहून कमी आली तर ज्योत मिणमिणते. जास्त आली तर आतलं स्पिरिट खळखळून उकळतं, ज्वाळा भांड्याबाहेर जातात आणि इंधन भसाभस संपतं. स्टो सुधारायचा म्हणजे ही परतीची उष्णता आवरायची. मोठी ज्योत म्हणजे चांगला स्टो, हा समज आधी डोक्यातून काढा.

यासाठी दुहेरी भिंतीचा स्टो करायचा. दोन सारख्या कॅनचे तळ घ्या आणि साडेतीन-चार सेंटिमीटर उंचीवर कापा. कापलेली कड ब्लेडइतकी धारदार असते, ती पॉलिश पेपरनं लगेच घासून घ्या. वर येणाऱ्या तळाचा मधला खोलगट भाग कापून काढा आणि त्याच्या कडेनं शिवणाच्या सुईनं समान अंतरावर भोकं पाडा. कॅनच्या उरलेल्या पत्र्याची पट्टी गोल वळवून आतली भिंत करा. तिच्या खालच्या काठाला दोन-तीन छोट्या खाचा ठेवा, म्हणजे मधलं स्पिरिट भिंतींमधल्या पोकळीत जाईल. मग वरचा तळ खालच्यात हळूहळू दाबत बसवा. खालच्याची कड फाटू लागली, तर आधी एक अख्खा भरलेला कॅन त्यात दाबून ती किंचित सैल करून घ्या.

मधल्या खळग्यात स्पिरिट ओतून पेटवलं की सुरुवातीला ज्योत मधेच दिसते. ती भिंत तापवते, पोकळीतल्या स्पिरिटची वाफ होते आणि थोड्या वेळानं एकेका भोकातून निळी पाकळी फुटायला लागते. घरात पितळी स्टो वापरलेल्यांना हे नवं नाही. बर्नर तापवायला आपण स्पिरिटचा काकडा लावायचो. इथे मधली ज्योत तेच काम करते.

आता भिवंडीकरांच्या सोयीची गोष्ट. दोन भिंतींच्या पोकळीत सुताचा बोळा भरला तर स्पिरिट हिंदकळत नाही आणि सगळीकडे सारखं पोचतं. यंत्रमागाच्या कारखान्यांतून निघणारं वेस्ट आपल्या गावात कुठेही मिळतं, पण ते निवडून घ्यावं लागतं. इथे सुती, पॉलिस्टर आणि मिश्र असं सगळंच विणलं जातं. एक धागा चिमट्यात धरून पेटवा. कागद जळल्यासारखा वास येऊन भुरभुरीत राख उरली तर तो सुती. आकसून टोकाला कडक काळा मणी झाला तर पॉलिस्टर, तो वापरू नका. सुती बोळा ओला असेपर्यंत जळत नाही, कारण बाष्पीभवन त्याला थंड ठेवतं. स्टो कोरडा होईपर्यंत जाळला की मात्र तो करपतो. असा बोळा बदलून टाका.

पाणी मिसळलेलं स्पिरिट चालेल का, हा प्रश्न बरेच जण विचारतात, आणि त्याचं सगळ्यात सुंदर उत्तर महाराष्ट्रातच शोधलं गेलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजनानं निम्मं पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारा स्वयंपाकाचा स्टो तयार केला. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेनं गोड ज्वारीपासून अल्कोहोल करण्यावरही काम केलं आहे. शेतात पिकणारं इंधन खेड्यातल्या चुलीच्या धुरावर उतारा ठरावं, ही त्यामागची तळमळ.

निम्म्या पाण्यावर आग चालते कशी? एक किलो मिश्रणात अर्धा किलो इथेनॉल, म्हणजे साडेतेरा मेगाज्यूलच्या आसपास. उरलेलं अर्धा किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सव्वा ते दीड मेगाज्यूल लागतात. पाणी फक्त दहावा हिस्सा खातं. अडचण वेगळीच आहे. आपल्या उघड्या वाटीत अल्कोहोल आधी उडून जातं, मिश्रण पातळ होत जातं, ज्योत विझते आणि तळाशी पाणी उरतं. मिश्रण थोडं थोडं करून तापलेल्या बर्नरमध्ये सोडलं आणि पाण्यासकट सगळ्याची वाफ एकदम केली, तरच ते शेवटपर्यंत जळतं. आपल्या कॅनच्या स्टोला हे जमत नाही, त्याला शक्य तितकं बिनपाण्याचं स्पिरिटच लागतं. फलटणच्या कामाला मी फार मानतो. अल्कोहोलवरच्या उत्पादन शुल्काच्या कायद्यांमुळे असं इंधन घरोघर पोचू शकलं नाही, याची हळहळ वाटते.

आता चाचणी. भांडं एकच, झाकण घातलेलं, पाणी अर्धा लिटर आणि स्पिरिट औषधाच्या सिरिंजनं मोजून. दर वेळी एकच गोष्ट बदला. सुरुवात भांड्याच्या उंचीपासून करा. सायकलच्या स्पोकची तिवई करून भांडं ज्योतीच्या तोंडापासून दोन, तीन आणि चार सेंटिमीटरवर ठेवून पाहा. फार जवळ आणलं तर ज्योत थंड पत्र्यावर अर्धवट विझते, उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. तो अर्धवट जळलेल्या अल्कोहोलचा धूर. त्यानंतर वाऱ्याचा आडोसा. भांड्याभोवती बोटभर जागा सोडून पत्र्याचं कडं करा आणि खाली हवेला भोकं ठेवा. कडं फार घट्ट झालं तर स्टो तापून उधळतो. पाणी लवकर उकळतं, पण स्पिरिट जास्त जातं. वेळ आणि इंधन हे दोन रकाने वेगळे ठेवा.

पेटवण्याआधी हे नीट वाचा. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, त्यामुळे विझला असं वाटलेल्या स्टोमध्ये कधीही इंधन ओतू नका. तो पूर्ण गार होऊ द्या. पेटलेलं स्पिरिट पाण्यानं विझतं, म्हणून तांब्या भरून जवळ ठेवा. बंद तंबूत पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्पिरिट परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि पाण्याच्या बाटलीत कधीच ठेवू नका. त्यात मिथेनॉल असू शकतं. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसांचे जीव मिथेनॉलनंच घेतले.

आणि ट्रेकचं. आसनगावला लोकलनं जाऊन माहुली चढायचा बेत असेल, तर स्पिरिट घरीच ठेवा. ज्वालाग्राही पदार्थ रेल्वेच्या डब्यात नेणं गुन्हा आहे. माहुली तानसा अभयारण्यात येतो, तिथे आग पेटवायला मनाई आहे. दुगाडच्या गुमताऱ्यावरही दिवाळीनंतर गवत वाळून कोळ झालेलं असतं, तिथे एक ठिणगी पुरते. पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी सारवलेल्या अंगणात, परवानगी घेऊन चहा करा आणि थर्मासमध्ये भरून वर न्या.

पुढच्या भागात भोकांची संख्या आणि आकार. तोवर आठवड्याभराच्या नोंदी तयार ठेवा. उंची, वेळ आणि मिलिलिटर हे तीन आकडे हाताशी असल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही.