अर्धशिशीचा दवाखाना कसा पारखावा?

आमच्या धंद्यात डोकेदुखीची तक्रार करणे म्हणजे हसे करून घेणे. उधारी थकली, सुताचे भाव चढले, वीज गेली की ज्याचे त्याचे डोके दुखतेच. परंतु अर्धशिशी ही त्या जातीची डोकेदुखी नव्हे. बहुधा डोक्याच्या एका बाजूला ठणका, मळमळ किंवा उलटी, उजेड आणि आवाज नकोसा, जिना चढला तरी दुखणे वाढणार, आणि औषध न घेतल्यास ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत मुक्काम. ज्याच्या कारखान्यात यंत्रमाग खडखडतात, दुकानात दिव्यांचा लखलखाट आहे आणि दुपारचे जेवण गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आहे, त्याने हे दुखणे घेऊन कोठे जावे? भिवंडीत कापडाचा धंदा करताना आम्ही पंचवीस वर्षे हे सोसले आणि त्यातील बरीच वर्षे चुकीच्या दारात घालवली. तो हिशेब बांधवांपुढे मांडावा, म्हणून हा लेख.

उर्दू शाळेत आमचे एक उस्ताद महिन्यातून दोन-तीनदा कपाळाला रुमाल करकचून बांधून वर्गात येत. त्या दिवशी कोणी पाटी आपटायची नाही, असा दंडक होता. ते याला ‘शकीका’ म्हणत. शकीका म्हणजे चिरून झालेला अर्धा भाग. मराठीत अर्धशिशी, आपल्या बोलीत आधासीसी, आणि ‘मायग्रेन’ हा शब्दही ग्रीक ‘हेमिक्रेनिया’ म्हणजे अर्धी कवटी, याचाच झिजलेला अवतार. नावावर सर्वांचे एकमत, उपचारावर मात्र नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी अंदलुसचे थोर शल्यविशारद अझ-झहरावी यांनी कानशिलाला चीर देऊन तीत लसूण ठेवण्याचा उपाय लिहून ठेवला आहे. त्या मानाने आजच्या रुग्णाने नशीब काढले म्हणायचे!

आमची चूक साधी होती. औषधांच्या दुकानातून एक गोळी मिळे. वेदनाशामक, अर्गोटामाइन आणि कॅफीन असे तिचे मिश्रण. घेतली की तासाभरात गल्ल्यावर बसता येई. आधी महिन्याला चार गोळ्या, मग आठ, आणि २०१६ साल उजाडेपर्यंत महिन्यातील वीस दिवस गोळी. सकाळी डोळे उघडायच्या आत दुखणे जागे. त्या वर्षी एका पार्टीला ३८ हजारांऐवजी ८३ हजारांचा चेक आम्ही आमच्या हाताने लिहून दिला. समोरचा माणूस सज्जन, त्याने परत आणून दिला. पण घरी सर्वांनी ठरवले की आता इलाज झालाच पाहिजे.

मग आम्ही स्टेशनजवळच्या एका चकचकीत दवाखान्यात गेलो. बाहेर फलक होता : सर्व पॅथी एकाच छताखाली, अर्धशिशी मुळापासून बरी. आत स्वागताला बसलेल्या मुलीने आमच्या दुखण्याआधी आमची ऐपत विचारली. एकवीस बैठकांचे पॅकेज, २४ हजार रुपये आगाऊ, तेल, चूर्ण, सुया आणि एक एमआरआय. पावती कच्ची. चूर्णाच्या पुडीवर ना घटकांची नावे, ना बनवणाऱ्याचे. दीड महिन्यात सोळा बैठका झाल्या आणि तेवढ्या काळात त्या छताखालच्या एकाही माणसाने विचारले नाही की, तुम्ही रोज कोणती गोळी खाता. आम्हीही सांगितले नाही, ही आमची कसूर. गोळी चालूच होती, दुखणेही चालूच होते.

हा प्रश्न आम्हाला पहिल्यांदा विचारला तो मुंबईतील एका पालिका रुग्णालयात. सकाळी सहाची बस, केसपेपरची रांग, चार तासांची वाट, आणि आत गेल्यावर मुलाच्या वयाच्या एका डॉक्टरचा पहिलाच सवाल : “चाचा, महिन्यात किती दिवस डोके दुखते आणि किती दिवस गोळी घेता?” आम्ही आकडा सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, “आता तुमचे अर्धे दुखणे अर्धशिशीचे आहे आणि अर्धे या गोळीचे.”

बांधवांनो, हे नीट समजून घ्या, कारण आपल्या पेठेत हा रोग घरोघरी आहे. अर्गोटामाइन, ट्रिप्टान किंवा मिश्र वेदनाशामके महिन्यातून १० किंवा अधिक दिवस, आणि पॅरासिटामॉलसारखी साधी वेदनाशामके १५ किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली तर औषधच डोकेदुखी निर्माण करू लागते. गोळी उतरली की दुखते, दुखते म्हणून गोळी. व्याज भरण्यासाठी नवे कर्ज काढण्याचाच हा प्रकार. ती गोळी सुटेपर्यंत दुसरे कोणतेही औषध, हकीमसाहेबांचे असो की डॉक्टरसाहेबांचे, पुरते लागू पडत नाही. आमची गोळी बंद केली तेव्हा पहिला आठवडा आम्ही अंधाऱ्या खोलीत काढला. त्यानंतर मात्र सकाळ मोकळी येऊ लागली. ज्यांच्या गोळीत अफूच्या जातीचे किंवा झोपेचे औषध आहे, त्यांनी असे मनाने एकदम थांबवू नये. ते डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हावे लागते.

तेव्हा दवाखाना पारखण्याची आमची पहिली कसोटी हीच. विकायच्या आधी तो विचारतो काय? किती दिवस, किती गोळ्या, दम आहे का, रक्तदाब, हृदयविकार, घरात आणखी कोणाला. आम्हाला लहानपणापासून दमा, त्यात कापसाच्या धुळीत जन्म गेला. अर्धशिशी रोखण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल हे जुने, स्वस्त आणि चांगले औषध आहे, पण दम्याच्या माणसाला ते धोक्याचे. एका प्रश्नाने आमचा जीव वाचला असेल. आम्हाला त्याऐवजी रात्री अमिट्रिप्टिलीनची छोटी मात्रा मिळाली. तोंड कोरडे पडते, सकाळी सुस्ती येते, पण चालते. दुसरे एक औषध फ्लुनारिझिन. त्याने वजन वाढते आणि उदासी येऊ शकते, म्हणून ज्याला आधीच उदासीचा त्रास आहे त्याने तसे सांगितलेच पाहिजे. ट्रिप्टान जातीची औषधे झटका आल्यावर लवकर घेतली तर उत्तम, परंतु हृदयविकार असलेल्यांना वर्ज्य. अशा औषधांचा गुण दोन-तीन महिन्यांनी जोखायचा असतो आणि दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तर ते यश मानतात. ‘मुळापासून’ म्हणणाऱ्याच्या दुकानात पाऊल टाकू नये.

आमच्या एका कारीगराच्या मुलीची हकिकत इथे सांगितली पाहिजे. ती घरी जरीकाम करते. अर्धशिशी बायकांना पुरुषांच्या सुमारे तिप्पट असते, आणि बारीक टाका, वाकलेली मान, अपुरा उजेड असे तिचे काम. एका डॉक्टरने तिला व्हॅलप्रोएट लिहून दिले. औषध अर्धशिशीवर चालते, यात खोटे नाही. पण गर्भावर त्याचे परिणाम भयंकर असतात, जन्मतः व्यंग येऊ शकते. मुलीचे लग्न दोन महिन्यांवर आले होते आणि हे तिला कोणी विचारले नव्हते. तिच्या आईने सहज चिठ्ठी आम्हाला दाखवली, आम्ही ती आमच्या डॉक्टरांना दाखवली आणि औषध बदलले गेले. टोपिरामेटचीही हीच गोष्ट. तरुण मुलीला लग्नाचे आणि मुलाबाळांचे न विचारता औषध देणारा दवाखाना, मग त्याचा फलक केवढाही असो, आपल्या कामाचा नाही. आणखी एक : ज्या बाईला झटक्याआधी डोळ्यांपुढे झगझगत्या रेषा दिसतात, तिने इस्ट्रोजेन असलेली संततिनियमनाची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. तिला पक्षाघाताचा धोका वाढतो.

आता दोन पद्धतींच्या मिलाफाविषयी. आम्ही युनानीच्या विरोधात नाही. आमच्या आजोबांचे खमिऱ्याशिवाय पान हलत नसे. मिलाफालाही आधार आहे. दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तीन महिने नुसते औषध घेणारे आणि औषधाबरोबर योगासने करणारे यांची तुलना केली. ११४ रुग्ण शेवटपर्यंत टिकले आणि योगासने करणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झाले. ‘औषधाबरोबर’ हा शब्द लक्षात ठेवावा, औषध सोडून नव्हे. ॲक्युपंक्चरच्या २२ चाचण्या एकत्र करून २०१६ साली काढलेला निष्कर्षही अनुकूल आहे. मॅग्नेशियम आणि रोज ४०० मिलिग्रॅम रिबोफ्लेविन यांचाही काहींना उपयोग होतो. मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने मॅग्नेशियम विचारूनच घ्यावे. बंगळूरच्या निम्हान्समध्ये तर या मिलाफाचा स्वतंत्र विभाग आहे.

हिजामाबद्दल आम्हाला वारंवार विचारतात. करून हलके वाटते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. अर्धशिशीवर त्याचा पक्का पुरावा मात्र अजून तुटपुंजा आहे. करायचाच असेल तर पाते आणि पेले आपल्या डोळ्यांसमोर नवीन पाकिटातून फोडलेले हवेत, कारण कावीळ ब आणि क तसेच एचआयव्ही रक्तातून पसरतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय त्या वाटेला जाऊ नये. पुडीच्या औषधांचेही तसेच. अमेरिकेतील संशोधकांनी इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. हा निष्कर्ष २००८ सालचा आहे. आपण ग्रे कापडाचा तागासुद्धा मिलचा शिक्का पाहिल्याशिवाय उचलत नाही, आणि पोटात घालायची पुडी बिननावाची घेतो!

आमची खरी कसोटी अशी : दोन्ही पद्धतींचे वैद्य एकाच फाइलवर लिहितात काय? आम्ही सध्या ज्या दवाखान्यात जातो तेथे आठवड्यातून एक दिवस मेंदूविकारतज्ज्ञ येतात आणि रोज बीयूएमएस झालेले हकीमसाहेब बसतात. फाइल एकच. हकीमसाहेबांनी काही काढा दिला तर डॉक्टर तो वाचतात. एकदा हकीमसाहेबांनी स्वतः सांगितले, “शेठ, तुमची रात्रीची गोळी सुस्तीची आहे, त्यावर माझे सुस्तीचे औषध नको.” हा मिलाफ. एका छताखाली चार पाट्या लावल्या म्हणजे मिलाफ होत नाही.

पदवीबद्दल संकोच करू नये, विचारावे. मेंदूविकारतज्ज्ञ म्हणजे सामान्यतः एमडीनंतर डीएम न्यूरॉलॉजी झालेला. २००२ च्या नियमावलीप्रमाणे ॲलोपॅथी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर असायला हवा. हकीमसाहेबांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. तपासणीत काही वेगळे आढळले नाही आणि लक्षणे अर्धशिशीचीच असली तर पहिल्याच दिवशी एमआरआय किंवा ईईजी काढण्याचे सहसा कारण नसते. अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळालेली बोटॉक्सची इंजेक्शने आणि २०१८ पासून आलेली सीजीआरपीवरील इंजेक्शने चांगली आहेत, पण महाग आहेत. साधी औषधे न आजमावता कोणी थेट तिथे नेत असेल तर कारण विचारावे. परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन येथे न्यूरॉलॉजीचे विभाग आहेत. वेळ जातो, खिसा वाचतो.

उपाशी पोट, अपुरी झोप आणि अचानक सुटलेला चहा यांनी झटका येतो, म्हणून रमजानची गोष्ट आधी बोलून ठेवावी. आम्ही शाबानमध्येच चहा सहा कपांवरून दोनवर आणतो, सहरी चुकवत नाही आणि गोळीची वेळ डॉक्टरांकडून इफ्तारीनंतरची लिहून घेतो. हे विचारल्यावर जो डॉक्टर हसतो, तो आपला नव्हे.

काही दुखण्यांत मात्र दवाखाना निवडत बसू नये, सरळ मोठे रुग्णालय गाठावे : क्षणात शिगेला पोहोचलेली आयुष्यातील सर्वांत तीव्र डोकेदुखी, ताप आणि मान ताठ, हातपाय लुळा पडणे, बोबडी वळणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही अर्धशिशी समजून घरी दाबू नये. ती लवकर तपासून घ्यावी.

जाताना सोबत वही न्यावी. आम्ही वेगळी वही केली नाही. रोजमेळाच्या मागच्या पानांवर दुखण्याच्या दिवशी लाल खूण आणि पुढे गोळ्यांचा आकडा लिहितो. झोप कमी झाली, जेवण चुकले, तर तेही. डॉक्टरांना गप्पांपेक्षा हे पान जास्त आवडते. आमचे मुनीम सुरुवातीला हसत, आता महिनाअखेरीस तेच बेरीज करून देतात. गेल्या महिन्याच्या पानावर लाल खुणा चार आहेत आणि गोळ्या तीन.