ना तारा, ना ग्रह

कोरेगाव तालुक्यातली वसना नदी कृष्णेला मिळते. तेच पाणी पुढे कराड, सांगली करत नृसिंहवाडीला पंचगंगेला भेटतं. या संगमालगत कुरुंदवाड आहे. 4 ऑक्टोबर 1956 रोजी तिथे श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म झाला. खगोलशास्त्राच्या जगात हे नाव मोठ्या आदराने घेतलं जातं. आपल्या कृष्णाकाठी मात्र ते फारसं कुणाच्या तोंडी नाही, याची मला खंत वाटते.

शाळा हुबळीत, मग आयआयटी दिल्ली, तिथून कॅलिफोर्नियातलं बर्कली. तिथे विद्यार्थी असतानाच 1982 मध्ये, डॉन बॅकर आणि इतर सहकाऱ्यांसोबत, त्यांनी सेकंदाला 642 गिरक्या घेणारा पल्सार शोधला. पल्सार म्हणजे स्फोटानंतर उरलेला ताऱ्याचा अतिघन गाभा. त्याचे रेडिओ ठोके घड्याळासारखे नेमके पडतात. भोवती एखादा ग्रह फिरत असेल, तर त्याच्या ओढीने हे ठोके किंचित पुढेमागे होतात. असेच भरभर फिरणाऱ्या दुसऱ्या एका पल्सारचे ठोके मोजून 1992 मध्ये अलेक्झांडर वोल्शचान आणि डेल फ्रेल यांनी त्याच्याभोवतीचे ग्रह शोधले. सूर्यमालेबाहेर ग्रह आहेत, याचा तो पहिला भक्कम पुरावा.

पण मला जास्त भावतं ते कुलकर्णींचं 1995 सालचं काम.

ताऱ्याशेजारची मंद वस्तू दिसत नाही, कारण ताऱ्याचं तेज डोळे दिपवतं. गळिताच्या हंगामात रात्री समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो, तेव्हा त्याच्या कडेने चालणारा माणूस आपल्याला दिसत नाही. दिव्याच्या रेषेत हात आडवा धरला की तो दिसू लागतो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालोमार वेधशाळेच्या 60 इंची दुर्बिणीवर हेच केलं. ताऱ्याचा प्रकाश झाकणारं उपकरण बसवलं, आणि 19 प्रकाशवर्षांवरच्या ग्लीज 229 या ताऱ्याजवळ एक फिकट ठिपका सापडला. त्याला नाव मिळालं ग्लीज 229 बी.

हा ठिपका म्हणजे काय? उत्तर त्याच्या वर्णपटात होतं. तिथे मिथेनच्या खुणा मिळाल्या. आपल्या गोबरगॅसमधला मिथेन तोच. ताऱ्याच्या उष्णतेत मिथेन टिकत नाही. गुरू ग्रहावर मात्र तो आहे. म्हणजे ही वस्तू ताऱ्याच्या मानाने फारच थंड, सुमारे 700 अंश सेल्सिअसची. पण वस्तुमान ग्रहाच्या मानाने कितीतरी जास्त. तारा व्हायला निघालेली, पण गाभ्यात हायड्रोजन पेटता ठेवण्याइतकं वजन न मिळालेली वस्तू. तिला तपकिरी बटू म्हणतात. असे बटू असावेत, हा तर्क 1960 च्या दशकापासूनचा. ज्याच्याविषयी शंकेला जागाच उरली नाही, असा बटू हा.

फ्लॉरेन्समध्ये ऑक्टोबर 1995 मध्ये शास्त्रज्ञांची एक परिषद भरली होती. मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी शोधलेला, सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला परग्रह तिथेच जाहीर झाला, आणि ग्लीज 229 बीसुद्धा त्याच परिषदेत. मेयर आणि केलो यांना पुढे 2019 चं नोबेल मिळालं. तारा आणि ग्रह यांच्यामधली सीमा कुठे आखायची, हा प्रश्न मात्र कुलकर्णींच्या ठिपक्याने पुढ्यात आणून ठेवला, आणि तो मला तितकाच मोलाचा वाटतो.

त्या ठिपक्याने पुढेही शास्त्रज्ञांना कोड्यात टाकलं. त्याचं वस्तुमान गुरूच्या सुमारे 70 पट भरलं. एवढ्या वजनाची वस्तू आहे त्याहून बरीच तेजस्वी दिसायला हवी होती. उलगडा व्हायला 2024 उजाडलं. ते एक नव्हतेच, दोन होते! एक गुरूच्या 38 पट, दुसरा 34 पट, आणि बारा दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी. सहा दशकांपूर्वीचा तर्क, तीन दशकांपूर्वीचा ठिपका आणि आता ही जोडी.

परग्रहांची यादी आज सहा हजारांच्या पुढे गेली आहे आणि त्यांच्या अभ्यासात महाराष्ट्राचाही हात आहे. नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जीएमआरटी उभी आहे. गुरूसारखे चुंबकीय ग्रह रेडिओ लहरी सोडतात, म्हणून फ्रेंच आणि भारतीय शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये इथून एचएटी-पी-11 या ताऱ्याचा वेध घेतला. मंद लहरी आल्या आणि ग्रह ताऱ्याआड गेला तेव्हा त्या थांबल्या. पुढच्या वर्षी पुन्हा पाहिलं, तर काहीच नव्हतं. त्यामुळे त्यांनी दावा केला तो फक्त संकेत मिळाल्याचा. हा संयम मला फार मोठा वाटतो.

2019 मध्ये नाव ठेवण्यासाठी भारताच्या वाट्याला आलेल्या एका ताऱ्याला कॉस्मिक किरणांवर संशोधन करणाऱ्या बिभा चौधुरी यांचं नाव मिळालं. 51 तासांत त्याची फेरी पुरी करणाऱ्या ग्रहाला ‘संतमस’ हे नाव सुचवलं पुण्याच्या एका शाळकरी मुलाने.

या नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानासाठी पहाटे साडेचारला उठाल, तेव्हा आधी अंगणात या. अमावास्या तोंडावर असल्याने चंद्राचा उजेड नसेल. दक्षिणेच्या बाजूला व्याध लखलखत असेल. त्याच्या किंचित खाली, पश्चिमेकडे शशक तारकासमूह आहे. त्यातच ग्लीज 229. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, चांगल्या द्विनेत्रीतून दिसतो. घरातल्या मुलांनाही उठवा आणि कुरुंदवाडचं नाव सांगून तो दाखवा.