प्रमाणपत्र कधी प्रमाण होतं?

मागच्या व्याख्यानानंतर एकाने विचारलं, "सर, सरकारी लेखापरीक्षकांच्या प्रशिक्षणात तत्त्वज्ञानाच्या माणसाचं काय काम?" प्रश्न रास्त आहे. पण 'प्रमाणपत्रा'तलं प्रमाण आमच्याकडचंच की!

न्यायदर्शन चार प्रमाणं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द कोणाचा? आप्ताचा. म्हणजे ज्याला ठाऊक आहे आणि खोटं बोलायचं कारण नाही, त्याचा. आता उपयोगिता प्रमाणपत्र घ्या. अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झालं, असं लिहून देतो कोण? ज्याने खर्च केला तोच! ते खोटंच असतं असं मी म्हणत नाही. पण तेवढ्यावर निष्कर्ष उभा राहत नाही.

व्हाउचर मंजुरीशी जुळतं का, हे तर तपासावंच लागतं. परफॉर्मन्स ऑडिटमध्ये पुढचा प्रश्न येतो: विहीर खणली, तिला पाणी आहे का? म्हणून खात्याच्या माणसाला बरोबर घेऊन जागेवर संयुक्त पाहणी करतात.

आणि इथेच नवशिका घसरतो. विहीर कोरडी आहे, हे प्रत्यक्ष. पैसे खाल्ले, हे अनुमान, आणि घाईचं. कदाचित पाऊसच झाला नसेल. महालेखापरीक्षकांचा राज्याविषयीचा अहवाल अनुच्छेद १५१ प्रमाणे राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे जातो, मग लोकलेखा समिती खात्याच्या सचिवांना बोलावते. सचिव म्हणाले, "त्या वर्षीचा पाऊस पाहिलात का?" तर तो आकडा आपल्या फाइलीत आधीच असायला हवा.